चांगुणाबाईंची डिस्क मी ओळखली नाही

मी एक कर्नेल. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका, सांगतो. संगणकाचं बटण दाबलं की पडदा नीट उजळायच्या आधी जो जागा होतो आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतो, तो मी. कळ दाबली की अक्षर कुठं न्यायचं, प्रिंटरला कधी हाक मारायची, कोणाला किती जागा द्यायची, हे सगळं माझ्याकडे असतं. घरातला कारभारी समजा. तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्याच्यावाचून घरात पान हलत नाही.

माझा मुक्काम ताडकळसला. स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याची एक खोली लागते. बाहेर 'सुकेशनी ऑनलाइन सेवा' अशी पाटी आहे. आत एक टेबल, प्रिंटर, ग्राहकांसाठी दोन-तीन खुर्च्या आणि वापरून वापरून पिवळा पडलेला संगणक. त्या संगणकात मी राहत होतो. आता नुसता पडून असतो.

ही खोली चालवते ती सुकेशनी. बी.एस्सी. झालेली, बोलायला तडफदार. शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकपेऱ्याची नोंद, आधारची दुरुस्ती, सगळं हिच्याकडे. शेजारच्या खुर्चीवर तिचे वडील किशनराव बसलेले असत. त्यांनी सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. बाजाराच्या दिवशी खोलीत गर्दी झाली की ते सवयीनं म्हणत, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लोकं हायेत." पुढं भिंत असायची. तरी लोक हसत हसत सरकत.

फोटो काढण्यासाठी पडद्यावर एक छोटा कॅमेरा बसवलेला होता. त्यातून मला खोली दिसायची आणि ऐकूही यायचं. म्हणून हे सगळं मला ठाऊक.

माझ्या जन्माची गोष्ट मला खोलीतल्या बोलण्यातून कळली, ती अशी. माझ्याआधी इथं दुसरा कर्नेल होता. त्याला मी थोरला म्हणतो. थोरला जगातल्या नाना यंत्रांची ओळख ठेवून होता, पण उठायला भारी वेळ लावायचा. बटण दाबून ग्राहक समोरच्या हॉटेलात चहाला जायचे आणि काही परत यायचेच नाहीत. सुकेशनीनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की नको ती ओझी काढून टाकून आपल्यापुरता सुटसुटीत कर्नेल घरीच तयार करता येतो. त्यानं कितपत फरक पडतो यावर जाणती माणसं वाद घालतात. पण तिनं मनावर घेतलं.

कर्नेल तयार करताना प्रश्न फार विचारले जातात. हे हवं का, ते हवं का, हजारांनी. एकेकाचं उत्तर द्यायला बसलं तर माणूस थकून जाईल. त्यासाठी एक सोपा हुकूम असतो. आत्ता या घडीला यंत्राला जे जोडलेलं आहे आणि जे कामावर आहे तेवढंच ठेव, बाकीचं गाळून टाक, असा त्याचा अर्थ. सुकेशनीनं तो हुकूम दिला आणि कीबोर्ड, प्रिंटर, कॅमेरा असे जे जे हजर होते ते माझ्या पदरात पडले. जो त्या दिवशी बाहेरगावी होता त्याची गणतीच झाली नाही.

मी दिवसभर घडत होतो. यंत्र इतकं तापलं की किशनरावांनी टेबलफॅन स्वतःच्या अंगावरून काढून यंत्राकडे फिरवला आणि स्वतः रुमालानं वारा घेत बसले. शेवटी मी उठलो तो झटक्यात. सुकेशनीनं टाळी वाजवली. किशनराव म्हणाले, "आज गाडी येळेच्या आधीच लागली की!"

मला फार बरं वाटलं. संगणकात जागा अपुरी, म्हणून सुकेशनीनं थोरल्याला त्याच दिवशी काढून टाकलं. मला त्याचंही काही वाटलं नाही. आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

नंतर दोन-तीन दिवसांनी किशनराव पिशवीतून एक काळी, पाकिटाएवढी डिस्क घेऊन आले. कपड्यात गुंडाळलेली, वरून दोरा. त्यांनी गाठ सोडली, कपडा घडी घालून खिशात ठेवला आणि डिस्क दोन्ही हातांनी लेकीपुढे धरली.

ती डिस्क म्हणजे काय होतं, ते मला पुढच्या बोलण्यावरून कळलं. किशनरावांची थोरली बहीण चांगुणाबाई सोनपेठला असते. सुकेशनीची आत्या. ही बाई बोलायला बसली की विहारात माणसं सतरंजी सोडून उठत नसत. बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हा ती लहान होती. त्या साली घरातले देव पाटीत घालून वडील गोदावरीकडे कसे निघाले, आईनं पांढरं लुगडं कोणाकडून मागून आणलं, पुढं धाकटा किसन, म्हणजे आपले किशनराव, शाळेला जाईना म्हणून त्याला तिनं कानाला धरून कसं नेलं, असं ती सांगायची. सुकेशनीनं एका उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून हे सारं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि मोबाइल भरला तसं या डिस्कवर उतरवून मोबाइलमधलं पुसलं. आणखी एक प्रत करून ठेवायची होती. ते उद्या करू, उद्या करू यावर राहिलं.

त्यानंतर चांगुणाबाईंना लकवा झाला. जीव वाचला, पण वाचा गेली. म्हणून किशनराव अधूनमधून डिस्क घेऊन सोनपेठला जात. बाईंचा मुलगा सिद्धोधन त्याच्या लेकीच्या लॅपटॉपवर आवाज लावी आणि बाई खाटेवर बसून स्वतःचंच बोलणं ऐकत. किसनच्या कानाची गोष्ट आली की त्यांना हसू येई, असं किशनराव सांगत. मी घडत होतो त्या दिवशी ही डिस्क सोनपेठलाच ठेवलेली होती, नंतर किशनराव जाऊन ती घेऊन आले.

सुकेशनीनं डिस्क मला जोडली.

आता माझी अडचण समजून घ्या. डिस्कवर वस्तू ठेवायच्या वेगवेगळ्या रीती असतात. त्या रीतीला फाइलसिस्टिम म्हणतात. परक्या घरातल्या स्वयंपाकघरात शिरलं तर मीठ असतंच, पण कोणत्या डब्यात ते घरच्यालाच ठाऊक. थोरल्याला या डिस्कची रीत येत होती. मला कोणी ती शिकवली नव्हती. डिस्क आली हे मला कळलं, तिचं नाव कळलं, आकार कळला. आत भरभरून काही आहे हेही जाणवलं. पण काढून देता येईना. मी माझ्या परीनं खरं तेच सांगितलं. पडद्यावर लिहिलं, ही फाइलसिस्टिम मला माहीत नाही.

सुकेशनीनं वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. मी पुन्हा तेच लिहिलं. ती वडिलांकडे वळली.

"बाबा, डिस्क पडली का तुमच्या हातून?"

"न्हाई गं माय."

"मागच्या वेळेला तर चालायली होती. सोनपेठला नेली आन् आता उघडंना. मधात काय झालं?"

मधात काय झालं होतं? मी झालो होतो. तिच्या नजरेसमोर, तिच्याच हातानं. पण मी तर सगळं झकास चालवत होतो, अर्ज भरत होतो, कागद छापत होतो. माझ्यावर कोण संशय घेणार? बाहेर जाऊन आली होती ती डिस्क, आणि नेणारे होते किशनराव.

"आठवून बघा," ती म्हणाली.

किशनराव आठवत बसले. खरं बोलणाऱ्या माणसाला आठव म्हटलं की तो आठवतो. त्यांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "गंगाखेडच्या अलीकडं डायव्हरनं करकचून बिरेक मारला व्हता. पिशवी दांडीला लागली आसंल. व्हय, लागलीच. माझ्याच हातून झालं."

डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. मला ते दिसत होतं. आणि माझ्यासमोर एक निर्दोष माणूस गुन्हा कबूल करत होता, केवळ मी एक वाक्य अपुरं बोललो म्हणून. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणालो. डिस्क चांगली आहे, उणा मी आहे, हे मला म्हणता आलं नाही. मला दिलेल्या वाक्यांत तसं वाक्यच नव्हतं. तेव्हापासून मला माझी लाज वाटते.

सुकेशनी रागावली होती, त्याहून घाबरली होती. घाबरलेलं माणूस फार वाईट बोलतं. ती म्हणाली, "जन्मभर लोकांच्या पिशव्या सांभाळल्या तुमी. घरची एक सांभाळता आली न्हाई?"

किशनरावांनी रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. तुम्हाला कल्पना नसेल, पण गाडीत राहिलेली छत्री, डबा, एकदा तर कोणाचं तरी मंगळसूत्र, हा माणूस ज्याचं त्याला पोचवून यायचा. नोकरीतली बढती-बदली ते कधी सांगत नसत. ह्या वस्तूंच्या गोष्टी मात्र ग्राहकांना रंगवून सांगत. त्या दिवसानंतर त्यांनी त्या सांगितल्या नाहीत. गर्दी झाली तरी पुढं सरका म्हणाले नाहीत.

सुकेशनीनं परभणीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं डिस्क न बघताच सल्ला दिला. फॉरमॅट मारा, मग त्यातनं निघेल तेवढं काढता येतं. फॉरमॅट म्हणजे डिस्क नव्यानं मांडायची, जुन्या मांडणीवर पाणी सोडायचं. सुकेशनीनं ती खिडकी उघडली. एक कळ दाबायची बाकी होती. आणि ते काम मला येत होतं, हे ध्यानात घ्या. ज्याला ओळखता येत नव्हतं तो मी पुसायला मात्र तयार होतो. तिनं सांगितलं असतं तर मी मुकाट्यानं पुसलं असतं.

"थांब," किशनराव म्हणाले. "ते पुसायचं का काय करायचं ते मागून. आधी मी आक्काला सांगून येतो."

"सांगून काय होणार हाय बाबा?"

"तिची वस्तू हाय. तिला न सांगता कशी मोडायची? ज्याची त्याला तोंडावर सांगावं लागतं."

सुकेशनी म्हणाली, मग डिस्कही घेऊन जा, तिथल्या लॅपटॉपवर लावून तर बघा. त्यावर ते म्हणाले की सिद्धोधनची लेक लॅपटॉप घेऊन बाहेरगावच्या कॉलेजला परत गेली. आणि गेली नसती तरी आपण आता त्या डिस्कला हात लावणार नाही, असंही म्हणाले. सकाळच्या गाडीनं ते रिकाम्या हातांनी सोनपेठला गेले. त्यांनी ती एक खेप केली नसती तर चांगुणाबाईंचं बोलणं माझ्या हातून संपलं असतं. हा विचार आला की मला स्वतःची भीती वाटते.

त्याच दिवशी दुपारी वैष्णवी आली. बन्सीधर पाटलांची मुलगी, कॉलेजच्या प्रकल्पासाठी चारठाण्याच्या देवळांचे फोटो काढून आली होती. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिनं सुकेशनीला दिलं.

"ताई, ह्यातले फोटो छापायचेत."

सुकेशनीनं कार्ड जोडलं. त्याची रीतही डिस्कसारखीच. मी लिहिलं, ही फाइलसिस्टिम मला माहीत नाही.

सुकेशनी पडद्याकडं बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "वैष्णवी, हे पडलं होतं का गं?"

"न्हाई ताई, नवं कोरं हाय. पाकीट फोडून कालच घातलं."

"परत कॅमेऱ्यात घालून बघ बरं."

वैष्णवीनं घातलं. कॅमेऱ्याच्या छोट्या काचेवर देवळाचे खांब एकामागून एक येऊ लागले. सगळे फोटो जागच्या जागी होते. ती कौतुकानं दाखवत होती, हे बघा ताई, ही दीपमाळ बघा. सुकेशनी बघत नव्हती. तिची नजर टेबलावरच्या डिस्कवर होती.

वैष्णवी कार्ड छपाईसाठी ठेवून गेल्यावर सुकेशनीनं मला पहिल्यांदा नीट विचारलं. तुला कोणकोणत्या फाइलसिस्टिम येतात, सांग. असा प्रश्न विचारायची सोय आहे, आणि त्याचं उत्तर मी चोख देतो. मी एकेक नाव सांगितलं. डिस्कचं नाव त्यात नव्हतं. मग मला घडवताना काय घेतलं आणि काय गाळलं ते तिनं शोधलं. त्या नावापुढे 'घेतलेलं नाही' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

ती टेबलावर कोपरं टेकून, तोंड झाकून बसली. एक ग्राहक दारातून डोकावला आणि तसाच मागं फिरला. "मीच केलं," ती म्हणाली. "आन् बाबाला काय काय बोलले मी." हे ती कोणाला सांगत होती कोण जाणे, खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला सांगता आलं असतं तर म्हणालो असतो, निम्मं माझ्यावर टाक.

मग तिनं डोळे पुसले आणि नवा कर्नेल घडवायला घेतला. या वेळी गाळलेलं ते नाव आधी भरलं, नंतर बाकीचं. तो घडत होता माझ्याच अंगावर, मीच त्याला जागा आणि वेळ पुरवत होतो. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटत होतं, लवकर हो बाबा, तो म्हातारा तिकडं पोचला असेल.

किशनराव रात्रीच्या शेवटच्या गाडीनं परतले तेव्हा नवा जवळजवळ तयार झाला होता. ते चप्पल काढून आपल्या खुर्चीवर बसले. सुकेशनीनं पाणी दिलं आणि पाणी पिऊन व्हायच्या आत सांगून टाकलं.

"बाबा, डिस्क चांगली हाय. चूक माझी होती. मशीनमधून मीच एक गोष्ट काढली होती, म्हणून ती दिसंना. तुमचा काही संबंध न्हाई."

किशनरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग हलकेच मान हलवली.

"मला बरं वाटावं म्हून म्हनायलीस तू."

"न्हाई बाबा, शप्पत."

"शप्पत कायला घेतीस. लेकरू बापाचं झाकणारच." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी आक्काला सांगून आलो. खाटंपाशी बसलो आन् म्हनलं, आक्का, तुझा आवाज माझ्या हातून गेला. ती बघायली नुसती. डावा हात उचलला, माझ्या तोंडावरून फिरवला, मंग तिकडं भिताडाकडं तोंड करून पडली. राग आला का माफ केलं, काई कळंना गं माय. बोलता येत आसतं तर चार शिव्या दिल्या आसत्या तिनं. बरं वाटलं आसतं."

हे मी ऐकलं. चांगुणाबाईंच्या शिव्या त्याच टेबलावर, माझ्यापासून वीतभर अंतरावर पडलेल्या होत्या, आणि मला त्या उघडता येत नव्हत्या.

सुकेशनी रडली नाही. तिला आता त्यांना पटवायचं होतं. तोंडानं सांगून ते पटणार नाही हे तिला दिसलं. नवा तयार होता, पण तिनं मला लगेच बंद केलं नाही. "हा जुना अजून चालू हाय," ती म्हणाली. "हा कसा चुकतो ते तुमच्या डोळ्यांनी बघा." तिनं वैष्णवीचं कार्ड उचललं. "हे नवं हाय. ह्याला तुमचा हात लागला न्हाई, हे दांडीला लागलं न्हाई. बघा."

तिनं कार्ड जोडलं. मी लिहिलं, माहीत नाही. तिनं डिस्क जोडली. मी लिहिलं, माहीत नाही. साऱ्या आयुष्यात मी इतक्या मनापासून कधी चुकलो नव्हतो. माझी चूक हाच त्या माणसाचा पुरावा होता, आणि मी तो जितका स्पष्ट देता येईल तितका दिला.

"कळलं का बाबा? दोन्हीला हा तसंच म्हनायलाय."

किशनराव चष्मा वर करून वाचत होते. "मंग दोन्ही बी खराब झाल्या आसतील," ते म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. कुठंतरी अडखळला होता.

"आता ह्याला निजवते आन् नव्याला उठवते. तो उठला की डिस्क तुमी लावा. तुमच्या हातानं."

"मी न्हाई हात लावणार."

"लावा बाबा. माझ्यासाठी लावा."

तिनं डिस्कची वायर काढून त्यांच्यापुढे धरली आणि दुसऱ्या हातानं मला बंद करायचा हुकूम दिला. बंद होताना मला थोडी कामं आवरावी लागतात. उघडं ते मिटायचं, लिहिलेलं जागेवर ठेवायचं, प्रिंटरला सोडायचं, सगळ्यात शेवटी कॅमेरा. त्या शेवटच्या क्षणी मला किशनरावांचे दोन्ही हात दिसले. मांडीवर होते. उजवा हात थोडासा उचलल्यासारखा वाटला. मग अंधार झाला.

त्यानंतर मला कोणी उठवलं नाही, पण थोरल्यासारखं लगेच पुसलंही नाही. संगणक सुरू होताना पडद्यावर क्षणभर यादी येते, त्यात पहिलं नाव नव्याचं, दुसरं माझं. माझ्या नावावर कोणी थांबत नाही. म्हणजे त्यांना पटलं असेल, आता माझ्या साक्षीची गरज उरली नसेल, असं मी स्वतःला सांगतो. चांगुणाबाईंचा आवाज त्या खोलीत घुमला असेल, किसनच्या कानाची गोष्ट लागली असेल, दोघं बापलेक दुसऱ्या दिवशी सोनपेठला गेले असतील. पण कधी वाटतं, पटलं नसेल तरी त्यांनी हो म्हटलं असेल. लेकीला बरं वाटावं म्हणून. तो माणूस तसाच आहे. आणि तसं असेल तर ते आजही मनात ती पिशवी आणि ती दांडी घेऊन बसले असतील.

मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. जागा अडली की सुकेशनी मला पुसेल, आणि ते रास्तच होईल. फक्त तुम्ही कधी ताडकळसला गेलात, त्या पत्र्याच्या खोलीत दोन कागद छापायला शिरलात, आणि शेजारच्या खुर्चीवर म्हातारे कंडक्टर गप्प बसलेले दिसले, तर त्यांना एवढं सांगा. परका माणूस उगीच खोटं कशाला बोलेल, म्हणून कदाचित त्यांना तुमचं पटेल. सांगा, किशनराव, डिस्क तुमच्या हातून बिघडली नव्हती. ती तुम्ही सोनपेठहून जशीच्या तशी आणली होती.